खोगिराच्या वाद्या

ट्रॉलीबसनं कचकन ब्रेक लावला आणि दारीमाच्या बुटावर काहीतरी गार, टणक येऊन आदळलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईची विणलेली पिशवी कलंडली होती आणि तिच्या तोंडातून एक पाय बाहेर आला होता. बारीक नळी, काळा चिरलेला खूर, नळीवर थंडीतले दाट फिकट केस. गर्दीत कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. या दिवसांत निम्मं उलानबाटर पिशवीतून मांस नेत असतं. अख्खी मेंढी आणायची, बाल्कनीत गोठवायची आणि वसंतापर्यंत खायची. दारीमानं वाकून पाय उचलला; तो मेंढीचा नव्हता. तो परत द्यायच्या आधी तिचा अंगठा हातमोज्यातून आपणहून बाहेर आला आणि नळीवरून खाली फिरला. पुढच्या बाजूचे केस झिजले होते, कातडी खरवडल्यासारखी उघडी पडली होती. बर्फावर कडक पापुद्रा धरला की पाऊल आत रुततं आणि वर काढताना पापुद्र्याची धार नळीला लागते. एक-दोनदा लागून असं होत नाही, त्यासाठी लांबून चालत यावं लागतं. ही तपासणी ती कितीतरी वर्षांपूर्वीच विसरली होती, निदान तिला तसं वाटत होतं. अंगठा मात्र विसरला नव्हता.

"कुठलं हो हे?" तिनं विचारलं.

"जावयानं आणलंय," बाई खुशीत म्हणाली. "चोइरच्या अलीकडं, रेल्वेच्या कुंपणाला. उभी असतात म्हणे नुसती, रांगच्या रांग. गाडीतून खाली उतरायचीसुद्धा गरज नाही. तुम्हाला हवंय का? सांगते त्याला, आणखी एक खेप आहे त्याची."

"नको," दारीमा म्हणाली, आणि आपला थांबा नसताना उतरली. पायी निघाली. कोळशाचा धूर गल्लीत गुडघाभर साचला होता, नाकात त्याची गंजल्यासारखी चव येत होती. मंडळी रुळापाशी आली, ती मनात म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण बाबांचाच शब्द वापरला. बाबा त्या हरणांचं ‘झेर’ हे नाव कधी घेत नसत. शिकाऱ्यानं घ्यायचं नसतं. नाव घेतलं की त्यांना ऐकू जातं. ते म्हणत, मंडळी. मंडळी कुठवर आली, मंडळी यंदा उशिरा निघाली, मंडळींचं काही खरं दिसत नाही. लहानपणी दारीमाला वाटायचं, मंडळी म्हणजे आपलेच कुणी नातेवाईक असणार, खेर्लेन नदीच्या पलीकडे राहणारे, कधी ना कधी चहाला येणारे.

तिथं, पूर्वेला, मेनेनच्या सपाटीवर ती उन्हाळ्यात विणीला जमायची. जमीन हलतेय असं वाटावं इतकी. मग गवत वाळायला लागलं की पांगायची, पुन्हा जमायची, पाऊस जिथं पडला असेल तिथं जायची. आणि पहिला टिकणारा बर्फ पडला की निघायची. कुठं, ते दरसाल वेगळं. बाबांचा कस तिथं लागायचा. बाकीचे शिकारी खुणांमागून धावायचे, घोडे दमवायचे आणि हात हलवत परत यायचे. बाबा धावत नसत. ते तंबूच्या दारात चहाचा वाडगा घेऊन उभे राहायचे, वाऱ्याकडे तोंड करून, आणि आईला म्हणायचे, चल, आवर, आपल्याला अमक्या खोलगटीला जायचंय. आई चिडायची. तिथं ना पाणी ना शेजार! पण चंबूगबाळं उचलून, उंटावर तंबू लादून ती सगळी तिथं जाऊन बसायची आणि मग एका सकाळी मंडळी समोरून यायची. बर्फ कुठं पातळ असेल, वारा कुठलं गवत उघडं ठेवेल, याचा हिशेब हरणं करतात. आपण फक्त त्यांच्या आधी करायचा, असं बाबा म्हणायचे. त्यांच्या शिकारीत पाठलाग नव्हताच. ती आधी जाऊन वाट पाहायची शिकार होती.

आणि आता ते चौथ्या मजल्यावर बसलेले. ओळीनं दोन हिवाळे इतके कडक आले की मेंढ्या, घोडे सगळं उभ्याउभ्या गेलं, आईही त्याआधीच गेली होती; म्हणून दारीमानं त्यांना शहरात आणलं. येताना त्यांनी सामानात काही आणलं नाही, बंदूक आणि खोगिराच्या वाद्या सोडून. खोगीर विकलं, वाद्या ठेवल्या. आठ अरुंद कातडी वाद्या, खोगिराला मागे-पुढे लोंबणाऱ्या, ज्यांनी शिकार बांधून घरी न्यायची. रक्त आणि चरबी पिऊन पिऊन काळ्या, मऊ झालेल्या. त्या त्यांनी खिडकीच्या कडीला अडकवल्या होत्या. सकाळी उठले की एकेक हातात धरून बघायचे, दारीमा बसचा पास चाचपते तसं. पहिल्या वर्षी रोज विचारायचे, "मंडळी कुठवर आली असतील गं?" मग रेडिओवरचं हवामान ऐकून दोघं बसायची. सुखबाटरला बर्फ, म्हणजे तिथं नाही; मग दक्षिणेला; वारा वायव्येचा, म्हणजे अजून दक्षिणेला. शिवणकाम करून मान मोडून आलेली ती, पण त्या अर्ध्या तासात तिला बरं वाटायचं. यंदा पहिला बर्फ पडला तेव्हा त्यांनी विचारलं नाही. आणि त्याच आठवड्यात त्यांनी खाणं सोडलं.

रुसवा नव्हता. थाळी समोर ठेवली की ते ती नीट बघायचे, आणि हळूच बाजूला सारायचे. चहा दोन घोट. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, म्हणाला, काही नाही, म्हातारपण आहे, आवडीचं काहीतरी करून घाला. आवडीचं! मांस, शेवया, दुधातला भात, काय काय केलं नव्हतं तिनं. त्यांचं मनगट आता तिच्या दोन बोटांत मावत होतं. काल त्यांना आंघोळीला उठवताना त्यांचं काहीच वजन लागलं नाही, तेव्हा ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. आज, धुरातून चालताना, तिला रडू येत नव्हतं. अंगठ्याच्या टोकाला ती उघडी नळी अजून लागत होती. हिवाळ्याची नव्वं, म्हणजे नऊ-नऊ दिवसांचे कडाक्याचे नऊ टप्पे, अजून सुरू व्हायची होती. ती एकदा सुरू झाली की बाबा बंदूक गुंडाळून ठेवत, कारण माजाच्या दिवसांत नर वाळून काटक्या होतात आणि माद्यांच्या पोटात पिल्लू धरतं. म्हणजे थोडेच दिवस हातात होते. मंडळी कुठं आहे ते ठाऊक होतं. बंदूक घरात होती. आपण जायचं, तिनं ठरवलं, आणि रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्यानं भोंगा वाजवून शिवी दिली तीही तिला ऐकू आली नाही.

धाकटा भाऊ बाल्चिन शहराच्या कडेला, टेकडीवरच्या तंबूवस्तीत राहायचा. त्याच्याकडे जुनी रशियन जीप होती आणि एका जनावराचा परवानाही, जो तो दरसाल हौसेनं काढायचा आणि दरसाल वाया घालवायचा. रविवारी सकाळी तो आला, चहा प्यायला, बाबांच्या पलंगावर बसून त्यांची बंदूक पुसू लागला. दारीमा पोळपाटावर मांस भरून उकडायच्या बूझसाठी कणीक लाटत होती. सगळं छान चाललं होतं. आणि तिनं, कुणास ठाऊक का, कदाचित बाबांच्या डोळ्यांत काहीतरी हलावं म्हणून, मोठ्यानं सांगून टाकलं, "बाबा, आम्ही शिकारीला चाललोय. चोइरला. तुम्हाला झेर आणते."

बाल्चिनचा हात नळीवर थांबला. बाबांनी डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"झालं!" बाल्चिन म्हणाला. "ताई, तू काय आज जन्मलीस का? बंदुकीसमोर नाव घेतलंस, शिकार म्हणालीस, गाव सांगितलंस. आता पत्तासुद्धा देऊन टाक त्यांना. जरा भटकून येतो म्हणतात, एवढं पण येईना?"

"तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं! आता काय जायचं राहिलं? वाटेत टायर फुटेल, नाहीतर माझं डोकं. मी नाही येत." त्यानं बंदूक खाली ठेवली आणि दुसरा वाडगा चहा ओतून घेतला, म्हणजे विषय संपला.

कणीक दारीमाच्या बोटांना चिकटली होती. शहरात राहून आपली जीभ सैल झाली याची तिला इतकी लाज वाटली की कान तापले. लहानपणी असं कधी झालं नसतं. घोड्यावर बसताना बाबा फक्त म्हणायचे, येतो गं, आणि आई पळीनं शकुनाचं दूध उडवायची, आणि कुणी काही विचारायचं नाही. पण लाज वाटली तरी तिचं ठरलेलं हललं नाही. उलट घट्ट झालं. "गाडीची किल्ली दे," ती म्हणाली. "मी एकटी जाते. त्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे. त्यांना कळू दे कोण येतंय ते."

"तुला गिअर टाकता येत नाही."

"वाटेत शिकेन."

बाल्चिननं तिच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे वळलेल्या बाबांच्या पाठीकडे. मग टोपी उचलली. "आई अशीच होती," तो पुटपुटला. दारीमानं खिडकीच्या कडीवरून वाद्या काढल्या आणि कमरपट्ट्याला बांधल्या. "त्या कशाला? जीपला खोगीर आहे का? आरशाला बांधणार?" बाल्कनीत जाऊन तिनं पळीनं दूध उडवलं, पूर्वेला, नीट हात लांब करून. ते चार मजले खाली कुणाच्या तरी काचेवर पडलं आणि तिथंच गोठलं. खालून एका बाईचा आवाज आला, "अहो, काय हे, गाडी आहे की देव्हारा?" बाल्चिन हसायला लागला, आणि तिला वाटलं, हसला, म्हणजे येतोय.

दोघं निघाली. जीपच्या तळातून वारा येत होता. शहर मागे पडलं आणि दोन्हीकडे फक्त पांढरं, मधूनच पिवळ्या गवताचे तुरे. दारीमाला एक जुना हिवाळा आठवत होता. ती असेल शाळेत जाऊ लागलेली. बाबांनी तिला घोडा धरायला नेलं होतं. एका नाल्याच्या उभ्या काठाखाली एकटं हरीण अडकलं होतं, वर चढता येत नव्हतं, खालचा बर्फ मऊ, पाय पोटापर्यंत रुतलेले. ते वळलं आणि बाबांकडे बघत उभं राहिलं. नाकपुड्यांतून वाफ. बाबांनी बंदूक उचलली, आणि खाली केली. मग घोड्याकडे आले. तिनं विचारलं, का? ते म्हणाले, त्याच्यापुढं जमीन नाही. एवढंच. त्या हिवाळ्यात घरात वाळवलेल्या दह्याच्या वड्या तेवढ्या होत्या. आई चुलीपाशी बसून ऐकवायची, तुमच्या कायद्यावर पातेलं ठेवते, उकळी येते का बघा. बाबा ऐकून घ्यायचे. त्यानंतरही पुढं जमीन नसलेल्या जनावरावर त्यांनी बंदूक उचलली नाही. पुढं जमीन आहे, ते पळू शकतंय, आणि तरी आपली नजर आणि हात त्याच्याहून चांगला निघाला, तर ते आपलं. नाहीतर नाही. दारीमाला तेव्हा हे थोडं मूर्खपणाचं वाटलं होतं. पोट भरलं की कायदे आठवतात, तिचं मत होतं. आता बाबांचं पोट रिकामं होतं, आणि ती काहीही घेऊन परतायला तयार होती.

चोइरच्या अलीकडे रस्ता सोडून जीप रुळाच्या बाजूला वळली आणि दारीमाला मंडळी दिसली. आधी वाटलं, कुंपणाच्या कडेनं पिवळ्या मातीचा बांध घातलाय. मग बांध हलला. रुळाच्या दोन्ही अंगांना काटेरी तारेचं कुंपण, आणि पूर्वेकडच्या तारेला लागून मंडळी उभी होती, जिथवर नजर जाईल तिथवर. पूर्वेचा बर्फ त्यांना खाऊ देत नव्हता, म्हणून ती पश्चिमेला निघाली होती. पश्चिमेचं गवत रुळापलीकडे उघडं दिसत होतं, वाऱ्यानं झाडून ठेवलेलं, आणि मध्ये ही तार. काही तारेच्या कडेनं उत्तरेकडे चालत होती, काही दक्षिणेकडे, समोरासमोर आली की थांबून परत फिरत होती. काहींच्या मानेचे केस तारेत अडकून उडत होते. एक तारेतच लटकलं होतं, केव्हाचंच, डोळे कावळ्यांनी नेलेले. हे सगळं अगदी शांत होतं. फक्त खूर बर्फावर वाजत होते.

थोड्या अंतरावर एक पांढरी जपानी गाडी उभी होती, डिकी उघडी. चट्टेपट्टेदार कोट घातलेला माणूस डिकीत जनावर ठेवत होता. आधीचं एक तिथं होतंच. त्यानं हात हलवून त्यांना बोलावलं, माणूस मोकळा होता. "या, या! अजून डिकी लावली नाही, बघा. वाट्याचे मानकरी आलात." शिकार वाद्यांना बांधायच्या आत जो भेटेल त्याला वाटा, हा रिवाज; वाद्यांच्या जागी आता डिकी आली होती आणि हा माणूस तो प्रामाणिकपणे पाळत होता. सुरी काढून त्यानं मागची तंगडी सोडवायलासुद्धा घेतली.

"घे ताई," बाल्चिन तिच्या कानाशी म्हणाला. "रीतसर मिळतंय. बंदूक पण उडवायला नको. शिजवू, बाबा खातील, संपलं."

दारीमा त्या तंगडीकडे बघत राहिली. खूर काढला असता तर बाबांच्या अंगठ्याला काही कळलं नसतं. पातेल्यात सगळं सारखंच. ते खातील, मनगट भरेल. खरंच भरेल का? तिनं स्वतःला विचारलं, आणि ती उत्तर शोधत असताना तिला भिंतीकडे वळलेली ती पाठ दिसली, खिडकी, खिडकीबाहेरची दुसरी इमारत, तिच्यापलीकडची तिसरी. माझ्या बाबांपुढं जमीन नाही, तिच्या मनात आलं, आणि तिनं जीपच्या दाराला धरलं. मी त्यांना तारेपाशी आणून उभं केलं. आणि तारेपाशी मारलेलं आणून घालणार.

"दादा, तुमचं मन मोठं आहे," ती त्या माणसाला म्हणाली. "पण वाटा शिकारीचा असतो. ही काही शिकार नव्हे. यांना पळायला कुठं होतं?"

तो माणूस क्षणभर गोंधळला, मग लाल झाला. वाटा नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. "मग तुम्ही काय कुंपणाला पूजा घालायला आलात?" तो म्हणाला, डिकी आपटून लावली आणि बर्फ उडवत निघून गेला.

"वा," बाल्चिन म्हणाला. "आता? घरी?"

"पक्कड आहे?"

"ताई, रेल्वेची तार तोडलीस तर मला आत टाकतील, तुला नाही. आणि गाई-घोडे रुळावर येतात, गाडीखाली जातात."

"तोडायची नाही. उचलायची." तिचा हात कमरेला गेला होता. मंडळी तारेवरून उडी मारत नाही, हे तिला ठाऊक होतं. खालून जाते, पोट जमिनीला घासून, जागा मिळाली तर. खालची तार वरच्या तारेला आवळून बांधली तर हरणापुरती जागा होते. घोड्याला, गाईला होत नाही. पण कुठं? इथं नाही, इथं गाड्या येतात. ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. गालाची कातडी आवळली, डोळ्यांत पाणी आलं. वारा वायव्येचा. संध्याकाळी ती वाऱ्याला तोंड देत चालायला लागतील, कुंपणाच्या कडेनं उत्तरेकडे, आणि अंधाराच्या आधी येताना दिसलेल्या त्या खोलगट जागी पोचतील, जिथं दोन्हीकडे उंचवटा आहे, वाऱ्याचा मार कमी आहे आणि समोर बर्फाचा ढीग असल्यानं कुठलीच गाडी येऊ शकत नाही. ती हे कुठून बोलतेय हे तिचं तिला कळत नव्हतं. बाल्चिन तोंड उघडं टाकून ऐकत होता. "थेट म्हाताऱ्यासारखी उभी राहिलीस," तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि पुढं वाद घातला नाही.

खोलगट जागेपर्यंत त्यांना कमरेएवढ्या बर्फातून पायी जावं लागलं. एक लांबलचक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत दोघं थांबली. मग दारीमा गुडघ्यांवर बसली. बाल्चिननं खालची तार वर ओढून धरली, शिव्या देत, आणि तिनं वादी गुंडाळली. हातमोजे काढावेच लागले. कातडं थंडीनं ताठलं होतं, ते तोंडात धरून मऊ करायचं, मग गाठ मारायची. जुन्या रक्ताची, चरबीची, घोड्याच्या घामाची चव जिभेवर आली, आणि तिच्याबरोबर तंबूतला सगळा हिवाळा, आईचा ओरडा, चुलीतल्या शेणीचा गोड धूर. दाभण चालवून घट्ट झालेली तिची बोटं, शहरात त्यांचा उपयोग फक्त कोटांची अस्तरं शिवायला व्हायचा. चार वाद्या या कुंपणाला. मग रूळ ओलांडून, बरोबर समोर, चार वाद्या पलीकडच्या कुंपणाला, कारण एकच उघडलं तर ती मध्ये, रुळांवर, सापडतील. शेवटची गाठ मारताना करंगळीच्या बाजूला तिला काही जाणवत नव्हतं. ती उठली आणि रिकामा कमरपट्टा तिला एकदम हलका लागला.

"ऐक," परत येताना बाल्चिन म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "इथं, या उंचवट्याच्या आड बसू. ती पलीकडं निघतील, मोकळ्या मैदानात, पळतील. पुढं जमीनच जमीन. म्हाताऱ्याचा कायदा मोडत नाही, काही नाही. एक टिपू, आणि घरी. परवाना आहे माझ्याकडं."

ती थांबली. हे खरं होतं. बंदूक बाल्चिनच्या खांद्याला होती, बाबांचीच. एक हरीण, पळतं, मोकळं, नव्वं सुरू व्हायच्या आधीचं. याच्यासाठीच ती आली होती. इतकं स्पष्ट तिला आयुष्यात फार कमी वेळा काही हवंसं वाटलं होतं. तिनं वळून बघितलं. दूरवर रांगेचं टोक उत्तरेकडे हलू लागलं होतं. सगळ्यात पुढच्या मादीनं मान वर केली होती आणि ती उंचवट्यावरच्या दोघांकडे बघत होती. आपण इथं आहोत तोवर ती वाकणार नाही. आपण लपलो तरी वास जाणार. आणि नाही गेला, ती वाकली, तर तिनं आपण मोकळ्या केलेल्या वाटेवर विश्वास ठेवलेला असणार. आणि गोळीचा आवाज झाला की मागची सगळी परत तारेपाशी.

"दार आपण उघडलं ना?" ती म्हणाली. "मग आपणच त्याच्या आड बंदूक घेऊन बसायचं? मला नाही जमणार, बाल्चिन. चल."

"आणि बाबा?"

"बाबांना मी बघते," ती म्हणाली. ती जीपच्या दिशेनं चालू लागली. काय बघणार होती, ते तिला माहीत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा सोबतीला बसवलेली शेजारणीची नात बाबांपाशी बसून टीव्ही बघत होती. बूझ तिनं उकडून ठेवले होते, दोन स्वतः खाल्ले होते, बाकीचे ताटात गार पडले होते. बाबांच्या ताटाला हात लागलेला नव्हता. पोरगी गेली. बाल्चिननं बंदूक कोपऱ्यात ठेवली आणि दारापाशीच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी बंदुकीकडे बघितलं नाही. नळीचा वास त्यांना पलंगावरूनच कळला असणार, न उडवलेल्या बंदुकीचा. दारीमा त्यांच्याजवळ बसली. त्यांनी हात पुढं केला, तिच्या बाहीवरून कमरेपर्यंत आणला, आणि कमरपट्टा चाचपला. शिकारी परतला की घरचं माणूस वाद्या बघतं. ओल्या असल्या की चूल पेटवायची, कोरड्या असल्या की काही विचारायचं नाही. बाबांची बोटं पट्ट्यावरून पुढं गेली, मागं आली.

"वाद्या?"

बऱ्याच दिवसांत त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

"तारेवर आहेत, बाबा."

"कुठल्या तारेवर?"

"रेल्वेच्या. मंडळी तारेला अडकली होती. खालची तार उचलून वरच्या तारेला बांधली."

बाल्चिननं दारापाशी पाय बदलला. दारीमाला वाटलं, आता ते भिंतीकडे तोंड करतील. आयुष्यभराच्या वाद्या, आणि ही पोरगी कुंपणाला बांधून आली. ती काही कारण सांगायला निघाली, तेवढ्यात ते म्हणाले, "एकच बाजू?"

"दोन्ही. चार अलीकडं, चार पलीकडं. समोरासमोर."

"गाठ?"

"तुमचीच. फास नाही."

त्यांनी मान हलवली, किंचित. मग डोळे खिडकीकडे गेले. रिकाम्या कडीकडे, कडीच्या पलीकडच्या इमारतीकडे, आणि दारीमाला पहिल्यांदाच असं वाटलं की त्यांची नजर त्या इमारतीपाशी थांबत नाहीये. "गेली?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. आम्ही असेतोवर जाणार नव्हती. म्हणून निघून आलो." आणि मग तिला राहवलं नाही. "मांस नाही आणलं, बाबा. आणणार होते, हातातोंडाशी होतं. नाही आणलं."

त्यांचा हात तिच्या मनगटावर होता, काडीसारखा, पण गरम.

"वारा कुठला होता?"

"वायव्येचा."

"थांबलाय की चालू आहे?"

"चालू आहे. येताना तोंडावर होता, सबंध वाट."

"मग गेली," बाबा म्हणाले. "उजाडायच्या आत पलीकडं असतील. तिथून..." ते थांबले, ओठ हलले, बोट पांघरुणावर एक रेष ओढत गेलं, डावीकडे, जरा खाली, एका ठिकाणी थबकलं. मग ते पुढं सरकून बसले, चक्क स्वतःच्या जोरावर, आणि तिच्या तोंडाकडे बघत, पहिल्या वर्षासारखं, म्हणाले, "परवापर्यंत कुठवर जातील गं मंडळी? तुला काय वाटतं?"

बाल्चिन पुढं आला आणि म्हणाला, "तिला विचारू नका, बाबा, आज गाव सांगून बसलीय एकदा."

बाबांच्या घशातून एक आवाज आला. तो खोकला नव्हता. त्यांनी हात लांब करून ताटातला एक गार बूझ उचलला, खालून चावा घेतला आणि आतला रस थेंबही न सांडता ओढून घेतला. दोघं भावंडं बघत होती. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं, आणि दुसऱ्याला हात घातला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.